प्रात्यक्षिकाच्या तासाला शेजारी कोणी तरी हवे : संगणक अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
संगणकशास्त्र, संगणक अनुप्रयोग व संगणक अभियांत्रिकी अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे व स्वायत्त महाविद्यालये

विषय : प्रोग्रामिंगच्या प्रात्यक्षिकांत जोडीने केलेल्या कामाला आणि एकमेकांचा कोड तपासण्याला गुण देण्याबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या व्यवसायात बरीच वर्षे काम करतो. नव्याने रुजू होणाऱ्या पदवीधरांना कामाला लावणे हा माझ्या नोकरीचाच एक भाग आहे, आणि उद्योगक्षेत्रातील माणूस म्हणून मला अधूनमधून प्रात्यक्षिक परीक्षांना बहिःस्थ परीक्षक म्हणून बोलावणेही येते. त्यामुळे एकच विद्यार्थी महाविद्यालयातून बाहेर पडताना कसा असतो आणि कामावर आल्यावर त्याचे पहिले वर्षभर काय होते, ही दोन्ही टोके मला पाहायला मिळतात. कोणत्या सत्रात कोणती भाषा शिकवावी, सी ठेवावी की थेट पायथॉनवर जावे, याविषयी मला काही सुचवायचे नाही. त्यावर आपल्या बैठकांत पुरेसा खल होतो. माझी विनंती प्रात्यक्षिकाच्या तासाविषयी आहे. प्रोग्रामिंग माणसे बहुतांशी दुसऱ्याच्या शेजारी बसून शिकतात आणि आपली प्रात्यक्षिके नेमकी तीच गोष्ट नियमाबाहेर ठेवतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजचे प्रात्यक्षिक कसे चालते हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, तरीही बाहेरून येणाऱ्याला ते कसे दिसते हे सांगतो. विद्यार्थ्यासमोर कार्यपुस्तिका असते, तीत ठरलेले प्रोग्राम असतात. ते टंकित करून चालवायचे आणि मग जर्नलमध्ये उतरवायचे. अनेक ठिकाणी आजही कोड रेघी पानावर शाईने लिहिला जातो आणि समोरच्या कोऱ्या पानावर पडद्यावरचे आउटपुट पेन्सिलीने काढले जाते. अनुक्रमणिकेत तारीख पडते, सही होते आणि सबमिशनच्या आठवड्यात विभागप्रमुखांच्या टेबलावर जर्नलांची चळत लागते. परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी स्लिप, म्हणजे प्रश्नाची चिठ्ठी, उचलतो. स्लिपा साधारण त्याच असल्यामुळे बहुतेकांनी त्या पाठ केलेल्या असतात. पाठ केलेला प्रोग्राम अर्ध्या तासात चुकीविना टंकित करणाऱ्या मुलांचे मला खरोखर कौतुक वाटते, कारण इतका कोड मला पाठ करता येणार नाही. परंतु त्याच विद्यार्थ्याला मी जेव्हा म्हणतो की हीच यादी चढत्या क्रमाऐवजी उतरत्या क्रमाने लाव, किंवा यादीत एकही घटक नसेल तर काय होईल ते चालवून दाखव, तेव्हा तो कळफलकावरचे हात काढून घेतो आणि आपल्या शिक्षकांकडे पाहतो. हे अभ्यासक्रमाबाहेरचे आहे, असे त्याला वाटत असते.

यात विद्यार्थ्याचा दोष नाही, आणि शिक्षकांचाही फारसा नाही. तीन वर्षांत त्या मुलाने दुसऱ्या कोणाला प्रोग्राम लिहिताना पाहिलेलेच नसते. फळ्यावरचा किंवा प्रोजेक्टरवरचा प्रोग्राम त्याने पाहिलेला असतो. पण तो तयार, बरोबर आणि वरून खाली सरळ लिहिलेला असतो. कोणताही अनुभवी प्रोग्रामर तसा लिहीत नाही. तो मधूनच सुरुवात करतो, दोन ओळी लिहून चालवून पाहतो, एक ओळ खोडतो, नाव बदलतो, पडद्यावरचा त्रुटी-संदेश दोनदा वाचतो आणि कधी कधी दहा मिनिटे नुसता बसून राहतो. ही खोडाखोड पुस्तकात छापता येत नाही. ती पाहायची तर खुर्ची ओढून शेजारी बसावे लागते.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते नेमके कळेल. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका चमूत विज्ञानाची पदवी घेतलेली एक मुलगी नुकतीच रुजू झाली होती. व्याजाच्या अहवालातील एकूण रक्कम आणि खतावणीतील एकूण रक्कम यांत काही पैशांचा फरक येत होता आणि तो शोधायचे काम तिच्याकडे आले. तिने जिथे जिथे भागाकार दिसला तिथे तिथे रक्कम पूर्णांकात आणण्याची ओळ घालायला सुरुवात केली. फरक कधी कमी होई, कधी वाढे. दुपारी एक ज्येष्ठ सहकारी तिच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी पहिली गोष्ट ही केली की तिला कोडला हात लावू दिला नाही. ‘आधी एक खाते सापडू दे,’ एवढेच ते म्हणाले. सर्व खात्यांऐवजी निम्म्या खात्यांचा अहवाल काढला, फरक कोणत्या निम्म्यात आहे ते पाहिले, त्याचे पुन्हा निम्मे केले, आणि थोड्याच वेळात एक खाते आणि त्यातील दोन नोंदी हाती आल्या. मग त्यांनी तिला तीन ओळींचा वेगळा प्रोग्राम लिहायला लावला : ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून उत्तर सगळ्या दशांशस्थळांसह छाप. उत्तर ०.३ आले नाही. सतराव्या दशांशस्थळी एक ४ चिकटून आलेला होता. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवतो, त्यामुळे ०.१ ही साधी दिसणारी संख्या त्याला तंतोतंत साठवताच येत नाही, हे तिने दुसऱ्या वर्षाला परीक्षेत लिहिलेले होते आणि त्याचे गुणही मिळवलेले होते. रकमा रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवायच्या, हा उपाय मग तिनेच सुचवला.

त्या दुपारी तिला जे मिळाले त्यातला उपाय हा सर्वांत लहान भाग होता, कारण तो कुठेही वाचायला मिळतो. घाबरून कोड बदलत सुटायचे नाही, आधी चूक लहान करायची, अंदाज वेगळ्या छोट्या प्रोग्रामात तपासायचा, आणि अनुभवी माणसालाही उत्तर आधीपासून ठाऊक नसते, हे सगळे तिने प्रत्यक्ष घडताना पाहिले. पुढच्या वेळी तिने स्वतःच निम्मे-निम्मे करायला घेतले. हीच गोष्ट द्वितीय वर्षाच्या प्रयोगशाळेत शिकवायला काहीच हरकत नव्हती. तिथे संगणक होता, शिक्षक होते, वेळही होता. शेजारच्याच्या पडद्याकडे पाहण्याची मुभा तेवढी नव्हती.

ही कंपन्यांची अलीकडची सोय आहे आणि विद्यापीठाने तिच्यामागे का धावावे, असा आक्षेप आपल्यापैकी कोणी घेईल. प्रत्यक्षात हा व्यवसाय जन्मापासूनच असा चालत आलेला आहे. एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या फेब्रुवारी १९४६ मधील जाहीर प्रात्यक्षिकासाठी तोफगोळ्याच्या मार्गाचा प्रोग्राम जीन जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर या दोघींनी मिळून तयार केला. त्या यंत्राला तेव्हा प्रोग्रामिंगची पुस्तिका नव्हती. नेमलेल्या सहा जणींनी आराखडे वाचून आणि एकमेकींना विचारून ते यंत्र समजून घेतले. प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्रीपर्यंत गोळा जमिनीला लागल्यावरही गणित थांबत नव्हते, आणि सकाळी स्नायडर यांनी येऊन एक खटका बदलला तेव्हा ते थांबले. ॲमस्टरडॅममध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा आणि याप झोनेवेल्ड यांनी १९६० मध्ये अल्गोल ६० या भाषेचा कम्पायलर, म्हणजे त्या भाषेतला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, जोडीने लिहिला आणि तो पूर्ण होईपर्यंत दाढी करायची नाही असे ठरवले. डाइक्स्ट्रा यांची दाढी नंतरही राहिली. युनिक्स या संगणकप्रणालीचे निर्माते केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात त्यांचे सहकारी डेनिस रिची यांच्याविषयी सांगितलेली हकिगत मला विशेष बोलकी वाटते. दहा वर्षांच्या सहकार्यात दोघांच्या कामवाटपात एकदाच घोळ झाला आणि दोघांनीही एकच वीस ओळींचा असेम्ब्ली प्रोग्राम लिहून ठेवला. थॉम्पसन यांनी ते दोन्ही ताडून पाहिले तर ते अक्षरन् अक्षर सारखे निघाले. आपल्या एखाद्या महाविद्यालयात असे झाले असते तर दोघांनाही नक्कल केल्याबद्दल शून्य गुण मिळाले असते.

दुसऱ्याचा कोड वाचून त्यातील चुका शोधणे ही गोष्टही तितकीच जुनी आहे. आयबीएममधील मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये कोड-तपासणीची रीतसर पद्धत प्रसिद्ध केली. तीत चार-पाच जण ठरलेल्या भूमिका घेऊन लेखकासमक्ष कोड ओळीओळीने वाचतात. फॅगन यांचा एक आग्रह आपल्या कामाचा आहे : तपासणीत सापडलेल्या चुका त्या लेखकाच्या मूल्यमापनासाठी वापरायच्या नाहीत. चुका सापडल्या म्हणून बढती अडणार असेल तर कोणी चूक दाखवणार नाही आणि कोणी दाखवू देणार नाही. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या गाभ्यात आज कोणताही बदल आत जाण्यापूर्वी तो त्या त्या विभागाच्या सांभाळकर्त्यांसमोर उघडपणे येतो, त्यावर प्रश्न विचारले जातात, आणि ज्यांनी तो तपासला त्यांची नावे बदलाच्या नोंदीत कायमची राहतात. नव्या माणसाला तिथे दुसऱ्यांची ही प्रश्नोत्तरे वाचायला मिळतात आणि त्यातून तो कितीतरी शिकतो, हे आपल्याकडील ज्या मुलांनी अशा प्रकल्पांत हातभार लावला आहे त्यांना विचारून पाहावे.

इतर व्यवसायांनी ही गोष्ट कधीच मान्य केलेली आहे. एमबीबीएसच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही वर्षभर आंतरवासिता केल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही. सनदी लेखापालाला आर्टिकलशिप करावीच लागते. २०२३ मध्ये तिची मुदत तीन वर्षांवरून दोनवर आणली, पण ती रद्द करावी असे कोणी म्हटले नाही. आयटीआयच्या फिटरसाठी आपल्याकडे १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. संगणकाच्या विद्यार्थ्यासाठी असलेली इंटर्नशिप किंवा नव्या श्रेयांक-आराखड्यातील ऑन जॉब ट्रेनिंग कागदावर याच जातीचे आहे. परंतु त्यातले किती विद्यार्थी खरोखर कोणाच्या शेजारी बसतात आणि किती जण घरबसल्या प्रमाणपत्र आणतात, याची कल्पना आपल्यालाही आहे. शेवटच्या वर्षाचे तयार प्रकल्प अहवालासह विकत मिळतात, हेही आता गुपित राहिलेले नाही. म्हणूनच माझा भर शेवटच्या सत्रावर नाही. प्रात्यक्षिकाचा तास दर आठवड्याला होतो, तो महाविद्यालयाच्या आवारात होतो आणि त्यावर आपले पूर्ण नियंत्रण आहे.

आपण परवानगी देवोत अथवा न देवोत, विद्यार्थी एकमेकांकडून शिकतच आहेत, फक्त ते चोरून शिकतात. वसतिगृहात, सबमिशनच्या आदल्या रात्री, एकाचा कोड पेनड्राइव्हवरून आणि आता व्हॉट्सॲपवरून सगळ्या वर्गात फिरतो. त्याबरोबर काय फिरते त्याचा नमुना पाहा. सी भाषेत मेनू दाखवणारा प्रोग्राम प्रत्येक विद्यार्थी लिहितो. आधी एक संख्या वाचायची, मग ‘पुढे जायचे का, वाय की एन’ असे विचारून एक अक्षर वाचायचे. प्रोग्राम चालवला की तो त्या अक्षरासाठी थांबतच नाही, कारण संख्येनंतर दाबलेल्या एंटरचे चिन्ह मागे राहिलेले असते आणि टंकित केलेले वाचणारी स्कॅन-एफ ही सूचना तेच अक्षर म्हणून उचलते. यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला तोडगा म्हणजे मध्ये साठलेले रिकामे करणारी एफ-फ्लश ही सूचना घालून तिला एसटीडी-इन, म्हणजे कळफलकाकडून येणारा प्रवाह, द्यायचा. डॉसवरच्या टर्बो सी या जुन्या कम्पायलरमध्ये ते चालून जाई. सी भाषेच्या मानकात एफ-फ्लशचा अर्थ बाहेर जाणाऱ्या प्रवाहापुरताच ठरवून दिलेला आहे, आणि लिनक्सवर हा तोडगा सहसा काहीच करत नाही. साधा उपाय असा आहे की स्कॅन-एफच्या साच्यात टक्के-सी, म्हणजे ‘एक अक्षर वाच’ या खुणेच्या, आधी एक मोकळी जागा सोडायची. पण तो उपाय वर्गात फिरत नाही. एफ-फ्लश फिरते, तसेच प्रोग्रामाची ‘व्हॉइड मेन’ ही मानकाबाहेरची सुरुवात फिरते, आणि ज्या कम्पायलरवर पडदा पुसणारी सीएलआर-एससीआर ही सूचना नाही तिथेही ती पहिल्या ओळीत येऊन बसते. मी विचारले की ही ओळ कशासाठी, तर उत्तर येते, ‘सर, ती लागतेच.’

सोबतीने शिकण्याचा हा दुसरा चेहरा आहे आणि तो मी लपवत नाही. शेजारी बसून जसे चांगले वळण लागते तसे वाईटही लागते. परंतु त्यावर बंदी हा उपाय नव्हे, कारण बंदीमुळे हा व्यवहार शिक्षकांच्या नजरेआड गेला इतकेच झाले. तोच संवाद प्रयोगशाळेत, उजेडात, शिक्षकांसमोर झाला असता तर एखाद्या मुलाने ‘पण ही ओळ नक्की काय करते?’ असे विचारले असते आणि शिक्षकांना तिथल्या तिथे दहा मिनिटे बोलता आले असते.

आता प्रत्यक्ष काय करावे याविषयी. किमान पहिल्या दोन प्रोग्रामिंग विषयांच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांनी जोडीने, एका संगणकावर काम करावे. एक जण टंकित करील. दुसरा विचार करील, वाचील, प्रश्न विचारील आणि कागदावर आकृती काढील. आणि वीस-पंचवीस मिनिटांनी कळफलक दुसऱ्याकडे जाईल. ही अदलाबदल शिक्षकांनी घड्याळ लावून करून घ्यावी, ती मुलांच्या मर्जीवर सोडू नये. जोड्या दर काही आठवड्यांनी बदलाव्यात. पैकीच्या पैकी गुण घेणारा विद्यार्थी आणि प्रोग्राम कम्पाइल कसा करायचा इथेच अडकलेला विद्यार्थी यांना एकत्र बसवू नये. तसे केले की पहिला कंटाळतो आणि दुसरा गप्प होतो. थोड्या फरकाची जोडी उत्तम चालते. केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग या नावाने ज्या प्रथा मांडल्या त्यांत ही प्रथा होती, आणि लॉरी विल्यम्स यांनी ती वर्गात आणून पाहिली. युटा विद्यापीठातील त्यांच्या प्रयोगात जोड्यांना एकट्यांच्या तुलनेत एकूण मनुष्यवेळ सुमारे १५ टक्के जास्त लागला, पण त्यांचे प्रोग्राम अधिक चाचण्यांत उत्तीर्ण झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील प्राध्यापकांना असे आढळले की जोडीने काम केलेल्या विद्यार्थ्यांत विषय अर्धवट सोडण्याचे प्रमाण कमी होते, आणि एकट्याने दिलेल्या अंतिम परीक्षेत ते मागे पडले नाहीत. ही दुसरी गोष्ट आपल्याला अधिक उपयोगी आहे, कारण जोडीतला एक जण फुकट तरून जाईल ही भीती आपल्या प्रत्येक बैठकीत निघेल. परीक्षा एकट्याचीच ठेवावी. तिच्यात मी बदल मागत नाही. फक्त स्लिपेवर पाठ केलेल्या प्रोग्रामाऐवजी चालत असलेला एक प्रोग्राम द्यावा आणि त्यात एक बदल करायला सांगावा, म्हणजे वर्षभर जो शेजारी नुसता बसून होता तो पाच मिनिटांत ओळखू येतो.

याला जोडून दुसरी गोष्ट म्हणजे कोड-तपासणी. जर्नलसाठी आज जे गुण आहेत त्यातील काही भाग दुसऱ्या जोडीचा कोड वाचून लेखी शेरे देण्यासाठी ठेवावा. गुण शेरे देणाऱ्याला मिळावेत आणि ज्याच्या कोडमध्ये चुका निघाल्या त्याचे कापले जाऊ नयेत. फॅगन यांची अट इथे तंतोतंत लागू पडते. शेरा कसा लिहायचा हे शिकवावे लागेल. ‘चांगले आहे’ हा शेरा नाही आणि ‘हे काय लिहिले आहे’ हाही नाही. ‘यादी रिकामी असेल तर सतराव्या ओळीवर शून्याने भागाकार होईल’ हा शेरा आहे. हे सगळे गिटवर, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनावर, ठेवले तर जर्नलची गरज उरत नाही, कारण कोणी कोणत्या दिवशी काय बदलले आणि त्यावर कोण काय म्हणाले याची नोंद आपोआप राहते. तारीख आणि सही ज्यासाठी घ्यायची तो हेतू त्यात कितीतरी चांगला साधतो. शक्य असेल तिथे आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेला प्रकल्प पुढच्या तुकडीला दुरुस्तीसाठी द्यावा. नोकरीत कोऱ्या पानावर सुरुवात करण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. सोडून गेलेल्या माणसाचा कोड समजून घेणे हेच बहुतेकांच्या वाट्याला येते.

ग्रामीण महाविद्यालयांचे प्राध्यापक यावर हसतील, हे मला माहीत आहे. त्यांच्याकडे एका संगणकावर तीन मुले बसतातच, कारण उरलेले संगणक बंद असतात किंवा वीज गेलेली असते. पण त्या तिघांत एक टंकित करतो आणि दोघे मोबाइल पाहतात; त्याला जोडीने काम करणे म्हणत नाहीत. फरक भूमिका ठरवून देण्यात आणि अदलाबदलीत आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. माझ्या सूचनेने संगणक कमी लागतील, ही गोष्ट अनुदानाचे प्रस्ताव लिहून थकलेल्या विभागप्रमुखांनी ध्यानात घ्यावी. शिक्षकांवरचा भार मात्र सुरुवातीला नक्की वाढेल, तो वाढणार नाही असे मी म्हणणार नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, चार महाविद्यालयांत धावपळ करणाऱ्या अध्यापकाकडून ही अपेक्षा ठेवताना त्याच्या मानधनाचा आणि तुकडीच्या आकाराचा विचार मंडळाने विद्यापीठाकडे मांडावा. एका वेळी दहा-बारा जोड्यांपलीकडे एका शिक्षकाला लक्ष ठेवता येत नाही.

मुलींच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागेल. मुलगा-मुलगी अशी जोडी असेल तर कळफलक मुलाकडे आणि जर्नल मुलीकडे, अशी वाटणी न सांगता होते. मी ती परीक्षेच्या दिवशीही पाहिली आहे. घड्याळ लावून अदलाबदल करण्याचा आग्रह मी धरतो त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

भाषेचा प्रश्नही याच तासाला सुटण्यासारखा आहे. २०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांमधून अभियांत्रिकीच्या पदवीला परवानगी दिली आणि पाठ्यपुस्तके भाषांतरित करण्याचे काम सुरू झाले, ते स्वागतार्हच आहे. परंतु मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची अडचण पुस्तकापेक्षा तोंडी परीक्षेत जास्त दिसते. त्याला पॉइंटर, म्हणजे स्मृतीतील पत्ता धरून ठेवणारा घटक, कळलेला असतो. तो इंग्रजीत सांगता येत नाही म्हणून तो ‘येत नाही’ असे म्हणून मोकळा होतो. शेजाऱ्याशी तो मराठीतच बोलतो : ‘अरे, हा पुढच्या नोडचा पत्ता हरवतोय, आधी तो जपून ठेव, मग काढ.’ या एका वाक्यात साखळी-यादीतून, म्हणजे प्रत्येक घटक (नोड) पुढच्याचा पत्ता बाळगतो अशा यादीतून, घटक काढून टाकण्याचे सगळे मर्म आहे, आणि कोणत्याही बहिःस्थ परीक्षकाने यावर पूर्ण गुण द्यावेत. जोडीने काम केले की असे बोलणे शिक्षकांच्या कानावर पडते. तोंडी परीक्षा विद्यार्थ्याला हव्या त्या भाषेत देता यावी, एवढे वाक्य परीक्षा-नियमात घातले तर बरे होईल.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता कोड लिहून देतात, मग जोडीची गरज काय, असेही विचारले जाते. मला याचा परिणाम उलटा दिसतो. कार्यपुस्तिकेतील प्रत्येक प्रोग्राम ही साधने क्षणात लिहून देतात, म्हणजे जर्नल आणि स्लिप यांतून जे मोजले जात होते त्याला आता काहीच अर्थ उरला नाही. यापुढे कामावर येणारा मुलगा दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यात, त्यावर शंका घेण्यात आणि तो का चालतो हे समजावून सांगण्यात अधिक वेळ घालवणार आहे. हे साधन न थकता उत्तरे देते. पण ते आपणहून ‘थांब, तू हे का करतो आहेस?’ असे सहसा विचारत नाही, आणि चुकलेले उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देते. शेजारी बसलेला वर्गमित्र मात्र संशयाने पाहतो.

बाहेरची मदत उपलब्ध आहे. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा आणि पायथॉन वापरणाऱ्यांचा असे गट बऱ्याच काळापासून भेटत आले आहेत. तिथे विद्यार्थ्यांना मज्जाव नसतो. गूगल समर ऑफ कोड हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत काम करण्याचा उपक्रम २००५ पासून चालू आहे आणि त्यात विद्यार्थ्याला प्रकल्पातील अनुभवी माणूस मार्गदर्शक म्हणून मिळतो. अशा ठिकाणी स्वीकारला गेलेला एखादा छोटा बदल, मग तो दस्तऐवजातील चूक दुरुस्त करण्याचा का असेना, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाइतका धरला जावा, कारण तो अनोळखी माणसांनी तपासून घेतलेला असतो. माजी विद्यार्थ्यांना स्नेहसंमेलनात सत्कारासाठी बोलावण्याऐवजी प्रात्यक्षिकाच्या तासाला बोलवावे. पुढे उभे राहून भाषण करण्याची अट नसेल तर बरेच जण आनंदाने येतील.

मंडळाच्या आगामी बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि सर्व विषयांना एकदम हात न लावता, पुढील शैक्षणिक वर्षात डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मांडून ठेवण्याच्या रचना) या एका विषयाच्या प्रात्यक्षिकांपुरता प्रयोग दोन-चार इच्छुक महाविद्यालयांत करून पाहावा, अशी माझी विनंती आहे. अंतर्गत गुणांपैकी किती गुण तपासणीच्या शेऱ्यांना द्यायचे हे तिथल्या शिक्षकांना ठरवू द्यावे, आणि वर्षअखेरीस त्यांचे म्हणणे मंडळाने परिपत्रक काढण्यापूर्वी ऐकून घ्यावे. या प्रयोगासाठी पुणे परिसरातील महाविद्यालयांत आठवड्यातून एक दुपार येऊन विद्यार्थ्यांच्या शेजारी बसायला मी आणि माझे काही सहकारी विनामूल्य तयार आहोत. प्रवासखर्चाचीही अपेक्षा नाही; फक्त प्रयोगशाळेचे वेळापत्रक महिनाभर आधी कळावे.

कळावे.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक सॉफ्टवेअर अभियंता व बहिःस्थ परीक्षक